विंचची ओढ आणि बॅटरीचा दम

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यात घाटमाथ्यावर आडवाटेला जीप घेऊन गेलेल्या माणसाला एक आवाज कधी विसरता येत नाही. किल्ली फिरवल्यावर इंजिन घरघरण्याऐवजी बॉनेटखालून नुसतं ‘टक्... टक्... टक्’ ऐकू येतं. सगळ्यांचे चेहरे त्या क्षणी एकसारखे होतात. हा आवाज मी काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, संध्याकाळी साडेसातला, तांबड्या चिखलात गुडघ्यापर्यंत उभा राहून ऐकला आहे.

आम्ही चौघे होतो. जीप एका मित्राची, जुनी, डिझेलवरची. तिच्या पुढच्या बंपरवर त्याने नवंकोरं इलेक्ट्रिक विंच बसवून घेतलं होतं आणि ते दाखवण्याची त्याला भारी हौस होती. संधीही लगेच मिळाली. ओढ्याच्या चढावर जीप धुऱ्यापर्यंत रुतली. ऐनाच्या झाडाला पट्टा बांधला, दोर ओढून हूक अडकवला आणि मित्राने इंजिन बंद केलं. म्हणाला, “विंच बॅटरीवर चालतं, मग डिझेल कशाला जाळायचं?” आम्हालाही ते पटलं. विजेची यंत्रं वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेला मी शेजारीच उभा होतो, तरीही पटलं, हे कबूल केलेलं बरं. जीप दहा-बारा फूट सरकली. दिवे पिवळे झाले, मग नारिंगी. विंचचा आवाज खोल खोल गेला आणि थांबला. मित्राने सेल्फ मारला, तर ते ‘टक् टक्’. रस्त्यावर असती तर चार माणसांनी धक्का मारून चालू केली असती. रुतलेल्या गाडीला धक्का मारायचा कसा?

त्या रात्रीचं पुढे काय झालं ते सांगेन. पण त्या ‘टक् टक्’मागे दीडशे वर्षांची हकिकत आहे आणि ती बॅटरीपासून नव्हे, दोरापासून सुरू होते.

विंच म्हणजे शेवटी काय, तर दोर गुंडाळणारा रूळ. आपल्या विहिरीवरच्या रहाटाचाच तो भाऊबंद. बैलांच्या किंवा माणसांच्या जागी यंत्र आलं ते एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये जॉन फाउलर याने वाफेच्या इंजिनाला रूळ जोडून दोराने नांगर ओढायची युक्ती काढली आणि १८५८ साली त्याबद्दल तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं ५०० पौंडांचं बक्षीस मिळवलं. पुढे शेताच्या दोन टोकांना दोन इंजिनं उभी करून मधला नांगर इकडून तिकडे ओढायची पद्धत रूढ झाली. यात ओढणारी ताकद थेट इंजिनाची होती. कोळसा आणि पाणी आहे तोवर इंजिन ओढणार.

मोटारीच्या जमान्यातही बराच काळ हेच चाललं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या डॉज ट्रकांच्या पुढे विंच असे, ते इंजिनाकडून निघालेल्या दांड्यावर फिरे. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर आली. ती मुळात शेतकऱ्यासाठी केलेली गाडी, त्यामुळे तिच्या इंजिनाला मागून-पुढून अवजारं जोडायची सोय होती आणि हवं असेल तर पुढे उभ्या रुळाचं विंचही मिळे. अशा विंचला दमणं ठाऊक नाही, तासन्‌तास ओढत राहील. मात्र त्यात एक खोच आहे. इंजिन बंद पडलं की विंचही मेलं. नदीत गाडी अर्धी बुडाली, इंजिनात पाणी शिरलं, म्हणजे नेमकी विंचची गरज पडली तेव्हाच ते निकामी.

इथे बॅटरीची आठवण होणं साहजिक होतं. पण बॅटरीचा स्वभाव समजायला आणखी मागे जावं लागेल.

१८५९ साली गास्तों प्लांते या पंचविशीतल्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये वेगळेपणा राखला, वळकटीसारखी गुंडाळी केली आणि ती गंधकाच्या आम्लात बुडवली. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. तुमच्या-माझ्या गाडीतली बॅटरी तिचीच वंशज. १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप द्यायची रीत आणली आणि बॅटरी कारखान्यात भराभर बनू लागली. प्लांतेची गुंडाळी मागे पडली, चपट्या जाळीदार पट्ट्या आल्या. ही गुंडाळी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

या बॅटरीची एक खोड १८९७ साली विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन संशोधकाने मांडली. बॅटरीतून वीज जितक्या घाईने काढाल, तितकी ती एकूण कमी देते. तुमच्या बॅटरीवर ‘७० अँपियर-तास’ असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ साधारणपणे असा की साडेतीन अँपियरच्या बेताने घेतलं तर ती वीस तास पुरेल. म्हणून ३५० अँपियरने घेतलं तर शंभरपट घाईने, म्हणजे बारा मिनिटांत संपेल असा हिशेब आपण करतो. प्रत्यक्षात ती चार-पाच मिनिटांतच मान टाकते. कारण असं, की वीज तयार होताना पट्टीच्या बारीक छिद्रांतलं आम्ल खर्ची पडतं आणि बाहेरचं आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. घाई केली की छिद्रातलं संपतं, बाहेरचं पोचलेलं नसतं. बॅटरी रिकामी नसते, तिला धाप लागलेली असते. हा फरक त्या रात्री आमच्या उपयोगी पडला.

आता अमेरिकेतल्या डेटन गावी जाऊ. मोटार चालू करायला तेव्हा हँडल मारावं लागे आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडे, जबडा फुटे. कॅडिलॅकचे हेन्री लीलंड यांचे मित्र बायरन कार्टर अशाच अपघातानंतर दगावले आणि त्या दुःखातून लीलंडनी विजेच्या स्टार्टरचा ध्यास घेतला, असं सांगतात. मोटारीच्या इतिहासातल्या पुष्कळ गोष्टींप्रमाणे या गोष्टीलाही सांगता सांगता पॉलिश चढलं असावं. पण काम चार्ल्स केटरिंग यांच्याकडे आलं हे खरं. अडचण अशी होती, की इंजिन फिरवायला लागणाऱ्या ताकदीची मोटर नेहमीच्या हिशेबाने बनवली तर ती इंजिनाएवढीच थोराड होणार. केटरिंग आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते आणि गल्ल्याचा खण विजेने उघडायची मोटर त्यांनी केली होती. खण काही दिवसभर उघडत नाही. एक हिसका, मग विश्रांती. क्षणभरच राबायचं असेल तर छोट्या मोटरलाही तिच्या ऐपतीच्या कितीतरी पट काम लावता येतं, ती तापायच्या आत काम संपलेलं असतं. हीच कल्पना त्यांनी इंजिनाला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. गंमत म्हणजे त्या पहिल्या गाडीत चालू करताना बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केले जात आणि भरताना ६ व्होल्टवर वेगळ्या केल्या जात.

सगळी मोटारसृष्टी पुढे या ‘एक हिसका, मग विश्रांती’वर उभी राहिली. मोटर तशी घडली, बॅटरीही तशीच घडली. गाडीच्या बॅटरीत पातळ पातळ पट्ट्या पुष्कळ असतात, म्हणजे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग मोठा मिळतो आणि दोन-चार सेकंद शेकडो अँपियर देता येतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पट्ट्या जाड असतात. ती सावकाश देते, पण तळापर्यंत उपसली तरी टिकते. पातळ पट्टीच्या बॅटरीचा असा उपसा वारंवार केला तर थोड्याच खेपांत ती कायमची बसते.

युद्ध संपल्यावर जीप स्वस्तात विकायला निघाल्या. आपल्याकडे चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी वनखात्यापासून तालुक्याच्या मामलेदारापर्यंत सगळीकडे पोचली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली अशाच युद्धातून आलेल्या जीपसाठी चाकांची हब बनवायचा धंदा काढला. गरज नसताना पुढची चाकं यंत्रणेपासून सुटी करणारी ही हब. याच वॉर्न कंपनीने १९५९ साली हौशी लोकांच्या गाड्यांसाठी विजेवरचं विंच बाजारात आणलं. असं पहिलं विंच आपलंच, असा कंपनीचा दावा आहे. बसवायला सोपं, दोन जाड केबल बॅटरीला जोडल्या की झालं. इंजिन बुडालं तरी ओढणार. लोकांनी ते उचलून धरलं यात नवल नाही.

पण या विंचची मोटर कोणत्या जातीची? स्टार्टरच्या. क्षणभर जीव तोडून राबणारी. आणि तिला खाऊ घालणारी बॅटरीही स्टार्टरचीच. फक्त काम आता दोन सेकंदांचं नव्हतं, दोन-चार मिनिटांचं होतं. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

भर घालणारी बाजूही लंगडी होती. युद्धकाळातल्या विलिस जीपला ६ व्होल्टची वीज होती. व्होल्ट निम्मे तर तेवढ्याच ताकदीला अँपियर दुप्पट. शिवाय चार्ज करायला डायनामो, जो इंजिन मंद चालत असताना जवळपास काहीच देत नाही. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला, सिलिकॉनच्या डायोडांमुळे तो शक्य झाला, आणि मंद इंजिनावरही थोडीफार भर पडू लागली. इलेक्ट्रिक विंच खरोखर पसरलं ते यानंतर.

१९७४ साली वॉर्नचं ‘८२७४’ हे विंच आलं. आठ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३६०० किलो ओढणारं. पूर्ण भारावर या वर्गातलं विंच चारशे अँपियरच्या पुढे वीज खातं. आता वाण्याच्या वहीसारखा हिशेब करू. चारशे अँपियर, एक मिनिट. समजा, अल्टरनेटर गाडीचा बाकी खर्च भागवून चाळीस अँपियर बॅटरीत परत घालू शकतो. मग त्या एका मिनिटाची फेड करायला दहा मिनिटं लागली, आणि वाटेतली गळती धरली तर त्याहून जास्त. पूर्ण भारावर मिनिटाला सात-आठ फूट दोर गुंडाळला जातो. म्हणजे सात-आठ फूट पुढे जायचं आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. हे ज्याला पटलं त्यालाच विंच वापरता आलं.

ते पटवून द्यायचं काम मोठ्या प्रमाणावर केलं कॅमल ट्रॉफीने. एका सिगारेटच्या नावाची ही मोहीम १९८० साली ब्राझीलच्या ट्रान्स-ॲमेझॉन रस्त्यावर जीप घेऊन सुरू झाली. पुढच्या वर्षी सुमात्रात रेंज रोव्हर आल्या, मग पापुआ न्यू गिनी, झैर, बोर्निओ, सुलावेसी, असं वीसेक वर्षं चाललं. पिवळ्या गाड्या, वर सामानाचा डोंगर आणि खाली चिखल. ती जाहिरात होती हे उघड आहे आणि सिगारेटची होती म्हणून तिचं कौतुक करताना जीभ अडखळते. तरी दिवसच्या दिवस दोर ओढत पुढे सरकणं म्हणजे काय, हे जगभरच्या हौशी मंडळींना तिने दाखवलं. विंच चालू असताना इंजिन कधी बंद करायचं नाही, ॲक्सिलरेटर थोडा चढा ठेवायचा, थोडं ओढून थांबायचं, चाकंही अलगद फिरवून विंचला हात द्यायचा, अशा सवयी या मंडळींत पक्क्या झाल्या.

आणि कप्पी! आपल्या आजोबांना माहीत असलेली ही युक्ती आहे. झाडाला कप्पी बांधून दोर तिच्यातून परत गाडीला आणून अडकवला की विंचवरचा ताण निम्मा होतो. वेगही निम्मा होतो, म्हणून अधीर माणसं ती वापरत नाहीत. पण ताण निम्मा म्हणजे वीजही बरीच कमी, बॅटरीला धाप नाही, मोटर तापत नाही. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रुळावर दोराचे थर जितके जास्त, तितका रूळ जाड आणि तितकी ओढ कमी. दोर जवळजवळ पूर्ण सोडून अगदी तळच्या थरावर ओढलं तर तेवढ्याच कामाला वीज कमी लागते. कप्पी लावली की दोर आपोआप जास्त सुटतो, त्यामुळे हा फायदाही पदरात पडतो.

दुसरा उपाय दोन बॅटऱ्यांचा. एक विंचसाठी, दुसरी फक्त सेल्फसाठी राखीव, आणि मध्ये अशी रिले की इंजिन चालू असताना दोन्ही भराव्यात पण विंच ओढताना राखीवला हात लागू नये. घरातल्या बाईने डब्यात बाजूला ठेवलेल्या पैशांसारखी ती दुसरी बॅटरी. स्पर्धेतले काही लोक दोन बॅटऱ्या जोडून विंचला २४ व्होल्ट देतात. ताकद तेवढीच हवी असेल तर अँपियर निम्मे होतात. केटरिंगच्या पहिल्या गाडीतली युक्ती शंभर वर्षांनी चिखलात उतरली, असं म्हणायला हरकत नाही.

प्लांतेची गुंडाळीही परत आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गेट्स रबर कंपनीने शिशाच्या पातळ पट्ट्यांमध्ये काचतंतूंचा बोळा घालून, त्यात आम्ल जिरवून, सगळ्याची घट्ट वळकटी केली. सांडत नाही, कलंडली तरी चालते आणि घाईने वीज देताना कमी अडखळते. अशा गुंडाळीच्या बॅटऱ्या पुढे मोटारींसाठी आल्या आणि आडवाटेच्या मंडळींत लोकप्रिय झाल्या. आता लिथियमच्याही आहेत. वजनाला हलक्या, पण त्यांच्यातलं संरक्षक सर्किट फार अँपियर मागितले की दार लावून घेतं, त्यामुळे विंचला चालणारी कोणती हे बघूनच घ्यावी लागते.

मलेशियात १९९७ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची स्पर्धा पावसाळी जंगलात होत आली. २०१४ साली तिची भारतीय आवृत्ती गोव्यात भर पावसाळ्यात झाली. तांबडी माती, उभे चढ आणि वरून कोसळणारा पाऊस. आमच्या ओढ्यावर होता तसाच.

तर, आमचा ओढा. चौघांपैकी एक होते अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मित्र अस्वस्थ होऊन दर दोन मिनिटांनी किल्ली फिरवत होता. अण्णांनी किल्ली काढून खिशात टाकली. मला म्हणाले, “हात नका लावू, सर. दम खाऊ द्या तिला.” दिवे बंद, टेप बंद. पाऊण तास आम्ही अंधारात भिजत बसलो. मग त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि लागलं. छिद्रांत आम्ल झिरपलं होतं. हे मी वर्गात वीस वर्षं सांगत आलो होतो आणि त्या संध्याकाळी मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर इंजिन चढं ठेवून अर्धा तास नुसतं उभं राहिलो. गाडीत एक कप्पी पडलेली होती, विंचबरोबर आलेली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच. ती झाडाला बांधली. अण्णा हात वर करत, मित्र बटण सोडत असे. तीन-चार फूट, थांबा. पुन्हा तीन-चार फूट, थांबा. एका थांब्यावर अण्णांनी बॉनेट उघडून केबलवरून तळहात फिरवला आणि एका जागी झटकन मागे घेतला. बॅटरीची अर्थची तार गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने कसली होती, तिथे खाली रंग तसाच ठेवून कसली होती. चारशे अँपियर जाताना तिथे सहस्रांश ओहमचा अडथळा असला तरी चार दशांश व्होल्ट वाया जातात, आणि हा अडथळा त्याच्या कितीतरी पट असणार. अण्णांनी चाकूने रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला. त्यानंतरची ओढ आम्हा सगळ्यांना कानानेच कळली, विंचचा सूर चढला होता.

साडेअकराला जीप माथ्यावर आली. इंजिन बंद न करता आम्ही तसेच गावात गेलो. तिथे चहा मिळाला, तोवर मित्राने बाहेर गाडी चालूच ठेवली होती.